अर्धा पासवर्ड आप्पांचा

डॉक्टरकडे दुखणी जमतात, वकिलाकडे भांडणं जमतात आणि माझ्याकडे पासवर्डच्या कटकटी. कोण विसरला, कोणी कोणाचा पाहिला, कोणाला कोणाचा संशय आला. मी मुद्दाम काही गोळा करत नाही. पण जालन्यात बियाण्याच्या कंपनीत इतकी वर्षं डेटाबेस सांभाळला की किस्से आपोआप साचतात, कूलरच्या टाकीत गाळ साचतो तसे.

डेटाबेस म्हणजे काय, हे माझ्या आईला मी असं समजावलं होतं की कंपनीचं एक भलंमोठं रजिस्टर आहे आणि मी त्याचा राखणदार. कोणी कोणतं पान उघडायचं, कोणी नुसतं वाचायचं, कोणी लिहायचं, ते मी बघतो. प्रत्येकाला एक नाव देतो, त्या नावाला पासवर्ड लावतो, आणि कोणी कधी काय केलं याची आपोआप नोंद होत राहते. त्या नोंदीला लॉग म्हणतात. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे तू चुगल्या ठिवतो."

बराबर आहे!

बियाण्याच्या धंद्यात चुगल्या लागतातच. कोणत्या दोन वाणांचा संकर करून कोणतं बी काढलं, हे बाहेर गेलं की दहा वर्षांची मेहनत पाण्यात. त्यामुळे आमच्या गेटवरचा वॉचमन येणाऱ्याच्या तोंडाआधी खिशाकडे बघतो. अशा ठिकाणी संशय हा काही रोग नाही. माझा तर तो पगार आहे.

*

पहिलं भांडण नावांवरून झालं. मी साधा नियम केला होता की माणसाचं पहिलं नाव हेच मशीनमधलं नाव. दुपारपर्यंत कळलं की कंपनीत चार संतोष आहेत. मग मी त्यांना संतोष१, संतोष२ असे आकडे लावून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी संतोष४ दारात उभा. हा फील्डवरचा माणूस, बाकी तिघांपेक्षा जुना. खुर्ची दिली तरी बसेना. मला चौथा कोणी केला, एवढंच विचारत होता. मशीननं केला, म्हणालो. मशीनला कोणी सांगितलं? संतोष१ माझ्याबरोबर चहाला जातो हे त्यानं दोनदा पाहिलं होतं, तेही त्यानं ऐकवलं. पुढचे तीन दिवस पठ्ठ्यानं लॉगिन केलंच नाही, नोंदी वहीच्या कागदावर आणून माझ्या टेबलावर ठेवत होता.

मग मी आकडे काढून गाव लावलं. जाफराबादचा संतोष, परतूरचा संतोष. आपल्याकडे तशीही माणसं गावानंच ओळखतात. चौघं खूश झाले म्हणून मी सगळ्याच कंपनीला गाव लावून टाकलं आणि यादी छापून आप्पांकडे सहीला नेली.

आप्पा म्हणजे आमचे मालक. वय सत्तरीपुढं, जालन्यातल्याच मस्तगडात एका गाळ्यात बी विकायला सुरुवात केली तेव्हापासून त्यांचा दोनच गोष्टींवर भरोसा: स्वतःच्या डोळ्यांवर आणि केबिनमधल्या लोखंडी पेटीवर. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. मध्येच थांबून परत वर गेले आणि मोजायला लागले.

"कुंभार पिंपळगावचे पाच जण?"

हो म्हणालो.

"तू कुठला?"

आप्पा माझ्या वडलांना नावानं हाक मारतात, आमच्या शेताची बांधबंदिस्ती त्यांना तोंडपाठ आहे, तरी विचारलं. मीही तिथलाच, म्हणालो. यादीतल्या पाचांपैकी तिघं माझ्या आधीपासून कंपनीत होते, पण ते सांगितलं असतं तर आप्पांनी ते तिघं मला इथं घेऊन आले असं धरलं असतं.

त्या आठवड्यात गावं गेली आणि प्रत्येकाला नोकरीचा नंबर मिळाला. आता यादी बघून कोण कुठला, कोण कोणाचा, काहीच कळत नव्हतं. आप्पांनी लगेच सही केली.

*

त्यानंतर आप्पांच्या डोक्यात माझाच नंबर आला. एक दिवस माझ्या खोलीत येऊन बसले. मशीनसाठी एसी असल्यानं उन्हाळ्यात सगळेच तिथं काहीतरी निमित्त काढून येतात, पण आप्पा निमित्तानं आले नव्हते. त्यांनी विचारलं, तुला सगळ्यांचं सगळं दिसतं का? दिसतं, म्हणालो. बदलताही येतं? येतं. पुसताही येतं? तेही येतं.

"मंग तुझ्यावर नजर कोण ठिवायची?"

आम्ही शेवटी असा तोडगा काढला की सगळ्यात वरच्या खात्याचा पासवर्ड दोघांत अर्धा-अर्धा करायचा. पहिला अर्धा मी टाकायचा, दुसरा आप्पांनी. एकट्याला ते खातं उघडताच येऊ नये.

ठरल्याप्रमाणे मी माझा अर्धा टाकला. आप्पा खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, भिंतीकडं तोंड कर. केलं. तिथं मागच्या वर्षीचं कॅलेंडर होतं, ते वाचत उभा राहिलो. आप्पा एका बोटानं टाइप करतात. आणि वाण निवडताना दाण्यांशी बोलायची सवय असल्यामुळे, जे अक्षर शोधतात ते मोठ्यानं म्हणतात. एकेक अक्षर, एकेक आकडा, मग "आता हे कुठं गेलं," मग पुढचं अक्षर.

पूर्ण पासवर्ड मला पाठ झाला. आता सांगावं तर ते म्हणणार, तू कान देऊन ऐकत होतास. न सांगावं तर चोर मीच. तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायची वेळ आली तेव्हा मी इमानदारीत भिंतीकडे तोंड करून दोन्ही कानांत बोटं घातली.

मागून आप्पांचा आवाज आला, तरीही ऐकू आलाच.

"कानात बोटं कहाला घातली? काय करून राह्यला तिकडं?"

*

आमचे ब्रीडर, म्हणजे नवे वाण तयार करणारे शास्त्रज्ञ, त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात. आप्पा माणसांवर संशय घेतात, डॉक्टर वाऱ्यावरही घेतात. पासवर्ड कुठेही लिहून ठेवू नका, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. डॉक्टरांनी त्यावर आपली युक्ती काढली.

त्यांनी पासवर्ड असा केला की तो वाणाच्या कोडसारखाच दिसावा. आरव्ही, मग आकडे, मग आडवी रेघ, असं काहीतरी. तो त्यांनी बियाण्याच्या खाकी पाकिटावर लिहिला. रिकामं पाकीट बघून कोणाला संशय येऊ नये म्हणून हाताला लागले ते मूठभर दाणे आत टाकले. आणि ते पाकीट कोल्ड स्टोअरमधल्या हजारो पाकिटांत ठेवून दिलं. युक्ती चांगली होती, मला आजही वाटतं.

जूनमध्ये डॉक्टर माझ्याकडे आले. पाकीट सापडत नव्हतं, पासवर्ड आठवत नव्हता. मी नवा करून दिला. पण त्यांची नजर बदलली ती बदललीच. पाकीट कोणीतरी उचललं होतं, आणि त्याचा उपयोग कंपनीत फक्त एकाच माणसाला होता असं त्यांचं म्हणणं. पुढचे तीन महिने ते माझ्यासमोर नंबर लावून फोनसुद्धा करत नव्हते.

सप्टेंबरात कंपनीच्या प्रक्षेत्रावर शेतकऱ्यांना आणि दुकानदारांना पीक दाखवायचा कार्यक्रम झाला. डॉक्टर पुढं, मागं शंभर माणसं, ओळीओळीनं सोयाबीन बघत चाललेले. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी वाणाच्या कोडची लाकडी पाटी. अकराव्या ओळीपाशी डॉक्टर एकदम थांबले. पाटीवर ऑइल पेंटनं, लांबून दिसेल अशा टपोऱ्या अक्षरांत, त्यांचा पासवर्ड लिहिलेला होता. पेरणीच्या बायकांनी ट्रेमधून आलं ते पाकीट इमानदारीनं पेरलं होतं.

जाफराबादचा एक दुकानदार पाटीजवळ उभा राहून फोटो काढत होता. सगळ्या शेतात तीच ओळ सगळ्यात जोरात आली होती, कमरेला लागत होती, शेंगांनी लगडलेली. "डॉक्टरसाहेब," तो म्हणाला, "हे वाण कधी येऊन राह्यलं बाजारात?"

डॉक्टरांनी आत कोणते दाणे टाकले होते, ते त्यांना अजूनही आठवत नाही.

*

मी एक शहाणपणा केला होता, तो सांगूनच टाकतो. पासवर्ड विसरला तर ओळख पटवायला एक खासगी प्रश्न ठेवला: तुमच्या आईचं माहेर कोणतं? परगावच्या एका कोर्समध्ये मी हे शिकून आल्तो आणि मला ते फार भारी वाटलं होतं.

उगवण तपासायच्या लॅबमध्ये कमलताई खरात काम करतात. लॅबमध्ये अकरा वर्षं, बोलणं कमी. एकदा काही कामानं माझ्या खोलीत आल्या तेव्हा हा प्रश्न पडद्यावर होता आणि समोर एक सेल्समन आठवत बसला होता, कारण त्याच्या आजोळची माणसं दोन गावांत विभागली होती. कमलताईंनी उभ्या उभ्या त्याला गाव सांगितलं. मग सहज म्हणून संतोषचं सांगितलं, चारही संतोषांचं, डॉक्टरांचं, आणि जाता जाता माझ्याही आईचं. आपल्याकडे सोयरिकी जुळवताना ही माहिती सगळ्यांना लागते, त्यात विशेष काही नाही.

पण मी त्या दिवशी माझ्या वहीत लिहून ठेवलं: नंबर ११८, कमल खरात, ही बाई कोणाचंही खातं उघडू शकते. संशय असा साठवून ठेवलेला बरा, कामाला येतो. आणि आला.

*

आता कमलताईंबद्दल थोडं आधी सांगावं लागेल. बियाणं विकायच्या आधी त्याची उगवण तपासतात. ओल्या कागदात शंभर दाणे मांडून गुंडाळी करायची, आठवड्यानं उघडून किती उगवले ते मोजायचं. सोयाबीन सत्तरच्या खाली उगवलं तर तो लॉट विकता येत नाही. कमलताईंच्या गुंडाळ्या कधी सडत नाहीत, बुरशी धरत नाहीत. म्हणून सगळ्या कंपनीत बोललं जातं की बाईच्या हाताला गुण आहे. आप्पासुद्धा नव्या वाणाचे पहिले शंभर दाणे त्यांच्याच हातानं मांडून घेतात.

मी एकदा त्यांना विचारलं होतं. त्यांना या हातगुणाचा रागच आहे. म्हणाल्या, "आमच्या घरात असलं कोणी मानत न्हाई, सर. मी हात धुते. हे लोक चहा पितेत, तंबाखू मळतेत, अन् तसंच बी मोजतेत. दुसरं काय न्हाई."

तर झालं असं. ४१२ नंबरचा सोयाबीनचा लॉट पहिल्या तपासणीत ब्याऐंशी उगवला होता. पण गोदामाच्या त्या कोपऱ्यात ओल आली आहे हे कमलताईंनी पाहिलं. त्यांनी परत नमुना घेतला, परत मांडला. चौसष्ट आले. शनिवारी त्यांनी आपल्या नंबरनं मोठ्या मशीनमध्ये, म्हणजे जिथला आकडा बघून माल विकतात तिथं, ब्याऐंशी खोडून चौसष्ट केले, कागदी रजिस्टरमध्ये सही केली, आणि रविवारी भाचीला बघायला पाहुणे येणार म्हणून जाफराबादला गेल्या.

सोमवारी आल्या तर मशीनमध्ये ब्याऐंशी, आणि ४१२च्या पिशव्या ट्रकमध्ये चढत होत्या. त्या ट्रकच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तरी हलल्या नाहीत. कोणीतरी चोरून आकडा बदलल्याची तक्रार केली ती त्यांनीच, हे लक्षात ठेवा.

मी लॉग उघडला. रविवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटं, लॉट ४१२, चौसष्टचे ब्याऐंशी. करणारा: ११८.

मला काय वाटलं ते खरं सांगतो. आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या चुगल्यांनी चोर पकडला होता! कागद छापून मी आप्पांच्या टेबलावर ठेवला. कमलताई समोरच उभ्या होत्या. मी दिवसभर जाफराबादला होते, असं त्या म्हणत होत्या. मी म्हणालो, लॉग खोटं बोलत नाही. आप्पा म्हणाले, चोराच्या उलट्या बोंबा! ट्रकपुढं उभं राहायचं नाटकसुद्धा त्यांना आता समजलं होतं. चार दिवस घरी बसा, शुक्रवारी निकाल देतो, म्हणाले.

कमलताईंनी रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे वळल्या.

"सर, मशीन म्हणतं मी केलं. मी म्हणते न्हाई. अकरा वर्षं मी हितं हाय, मशीन मागून आलं. तुम्ही एकदा तरी मला विचारलं का?"

मी विचारलं नव्हतं.

*

मंगळवारी सकाळी नऊला मी मशीन उघडलं. ११८ लॉगिन झालेलं होतं. कमलताई घरी, आणि त्यांचा नंबर लॅबमध्ये नोंद करतोय!

पळत गेलो. खुर्चीवर लॅबचे प्रमुख जाधव सर बसलेले, अगदी निवांत. मला बघूनही उठले नाहीत. हे काय चाललंय, विचारलं तर म्हणाले, बोहनी.

लॅबमध्ये रोजची पहिली नोंद कमलताईंच्या नंबरनं करायची, असा रिवाज होता. त्यांच्या हाताला गुण, तसा त्यांच्या नंबरलाही. पहिली नोंद ११८नं केली की दिवसभराचे लॉट चांगले उगवतात. कमलताई रजेवर असतील तर त्यांच्या नंबरनं दुसरं कोणी करायचं. पासवर्ड जाधव सर धरून लॅबमधल्या बाकी चौघांनाही पाठ होता. कमलताईंनी तो दोनदा बदलला होता आणि दोन्हीदा जाधव सरांनी साहेब या नात्यानं मागून घेतला होता.

"आमी काय चुकीचं भरत न्हाई," जाधव सर म्हणाले. "फकस्त पहिली नोंद तिच्या नावानं. मंग ज्याच्या त्याच्या."

म्हणजे चोर चौघांपैकी कोणीही असू शकत होता. बुधवारी मी प्रत्येकाला वेगवेगळं गाठून रविवारचा हिशोब विचारला. दोन वाजून दहा मिनिटांनी चौघंही एकाच ठिकाणी होते, जाधव सरांच्या मुलीच्या साखरपुड्यात. साक्षीला फोटो दाखवला. पंगतीत चौघंही जेवत होते. पाचव्या पानावर श्रीखंड वाढून घेणारा मी होतो.

मग साखरपुड्याला कोण आलं नव्हतं? हे मी उलट्या बाजूनं मोजायला लागलो आणि एकच नाव उरलं. आप्पा. केबिनची किल्ली त्यांच्याकडे, ते रविवारीही येतात, त्यांनी मागितला तर जाधव सर पासवर्ड देणारच, आणि लॉट विकला जावा ही गरज त्यांचीच. एक सांगतो, मला मजा वाटली. ज्यानं मला भिंतीकडे तोंड करायला लावलं, तोच सापडत होता.

गुरुवारी सकाळी आप्पांच्या केबिनमधल्या मशीनचं नाव लॉगमध्ये सापडतं का ते बघायला बसलो. कोणत्या मशीनवरून बदल झाला, हे लॉगच्या शेवटच्या रकान्यात असतं. सोमवारी मी तिथपर्यंत गेलोच नव्हतो. ११८ दिसलं, तिथंच माझं वाचन संपलं होतं.

शेवटच्या रकान्यात माझ्या खोलीतल्या मशीनचं नाव होतं. त्या खोलीची किल्ली एकट्या माझ्या खिशात असते.

हे मी तोपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. दिवाळीत मी एक प्रोग्राम बसवला होता. दर रविवारी दुपारी त्यानं लॅबच्या मशीनमधल्या नोंदी मोठ्या मशीनमध्ये आणून टाकायच्या. तो मध्येच बंद पडत होता. दोनदा, तीनदा, का ते कळेना. प्रोग्रामला माणसाचं नाव वापरू द्यायचं नाही, त्याचं स्वतंत्र खातं करायचं, हा नियम मीच लिहिलेला. पण चौथ्यांदा वाटलं, बाईच्या हाताला गुण आहे म्हणतात, करून बघायला काय जातं. मी कमलताईंना टेस्टिंगच्या नावाखाली बोलावलं आणि त्यांना त्यांचा नंबर आणि पासवर्ड टाकायला लावला.

प्रोग्राम धडाधड चालला. मग मी त्याला हात लावला नाही.

कमलताईंची दुरुस्ती मोठ्या मशीनमध्ये होती. लॅबच्या मशीनमध्ये अजून जुने ब्याऐंशी. रविवारी दोन दहाला प्रोग्रामनं जुना आकडा आणून नव्यावर लिहिला, ११८च्या नावानं.

*

लॉग कंपनीत माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. तो एक रकाना कोरा करायला मला अर्धं मिनिट लागलं असतं, आणि आप्पांचा अर्धा पासवर्ड मला पाठच होता. हे मनात आलं नाही असं म्हणणार नाही. अर्धा तास मी त्या एसीत बसून होतो आणि शर्ट ओला झाला होता.

मग कागद छापला आणि आप्पांकडे गेलो. सगळं सांगितलं, दिवाळीसकट, आणि त्यांचा पासवर्ड ऐकू येत होता तेही. आप्पांनी चष्मा काढून पुसला.

"मी तुला काय विचारलं होतं?"

मला आठवत होतं. नजर कोण ठेवायची. मी मान खाली घातली.

शुक्रवारी आप्पांनी कमलताईंना बोलावलं, सगळ्या लॅबसमोर खुर्ची दिली, आणि माझ्याकडून चूक झाली असं म्हणाले. आप्पांना हे वाक्य म्हणताना आम्ही कोणी पाहिलेलं नव्हतं. जाधव सर खाली बघत होते. मीही माफी मागितली. कमलताईंनी ऐकून घेतली आणि ४१२चा ट्रक रिकामा झाला का, तेवढंच विचारलं. झाला होता.

आप्पांनी मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की वरच्या खात्याचा त्यांचा अर्धा पासवर्ड यापुढं कमलताईंचा. दर तीन महिन्यांनी त्यांनी येऊन बदलायचा.

सोमवारी सकाळी कमलताई रजिस्टर काखेत घेऊन माझ्या खोलीत आल्या. त्यांचा अर्धा आधी टाकायचं ठरलं. मी सवयीनं भिंतीकडे तोंड केलं आणि कॅलेंडर वाचत उभा राहिलो. बटणांचा आवाज आला, तोही हलका. अक्षर एकही ऐकू आलं नाही.

झालं, म्हणाल्या. मी खुर्चीवर बसलो आणि कीबोर्ड पुढं ओढला. टेबलावर माझा चहाचा कप होता, अर्धा प्यालेला. त्यांनी कपाकडे बघितलं, मग माझ्या बोटांकडे.

"थांबा, सर," कमलताई म्हणाल्या. "आधी हात धुऊन या."

मी उठलो आणि गेलो.